बोर्लीची जोगीण आणि आत्तीच्या आसरा

बोर्ली हे नाव काढले की आपल्याकडच्या माणसाला श्रीवर्धन तालुक्यातील बोर्ली पंचतन आठवते, नारळी-पोफळीच्या वाड्या आठवतात, आणि पुढचे काही ऐकण्याआधीच तो "तिथे आमचे पाहुणे असतात" असे सांगून टाकतो. मी ज्या बोर्लीविषयी लिहितो आहे ती इंग्लंडात, एसेक्स परगण्याच्या उत्तर टोकाला, स्टाउर नदीच्या खोऱ्यातील एका चढावर वसलेली आहे. नदीच्या अलीकडे एसेक्स आणि पलीकडे सफक. वस्ती एवढी थोडी की आमच्या कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील दोन-तीन बोळांतून तेवढी माणसे सहज निघावीत. असे असूनही विसाव्या शतकात इंग्लंडातील भुताखेतांविषयी जे काही लिहिले गेले त्यात या चिमुकल्या गावाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या लेखनाचे बरेवाईट परिणाम तेथील रहिवासी अजून भोगत आहेत.

मुलगी कोल्चेस्टरला राहते. नातीच्या निमित्ताने आम्ही दोघे उन्हाळ्यात दीड महिना तिच्याकडे होतो. आयुष्यभर इतिहास शिकवलेला माणूस मुलीच्या घरी बसून बसून किती बसणार? पहिल्या आठवड्यातच मी जवळपासच्या गावांचे नकाशे काढून बसलो आणि एका सकाळी जावयांना सोबत घेऊन निघालो. मार्क्स टे या स्थानकावर गाडी बदलली की सडबरीकडे जाणारा एक छोटा फाटा लागतो. चॅपल गावापाशी ही गाडी कोल्न नदी ओलांडते ती १८४९ साली पुऱ्या झालेल्या, बत्तीस कमानींच्या विटांच्या पुलावरून. त्यानंतर ब्यूअर्स नावाचे एक स्थानक येते, ज्याचा उल्लेख पुढे यायचा आहे, आणि मग शेवटचे सडबरी. येथे नदीकाठच्या सपाट गवताळ मळीत आजही गुरे चरायला सोडतात. ती गुरे, संथ वाहणारे पाणी आणि काठाकाठाने वाढलेली वाळुंजे पाहून मला कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या संगमाची आठवण झाली, एवढेच की चिखलीच्या पाण्याला पावसाळ्यात जो आवेग येतो तो या नदीत काही दिसत नव्हता. चित्रकार कॉन्स्टेबल याने ज्या नदीची चित्रे आयुष्यभर काढली ती हीच, फक्त त्याचे गाव खाली, समुद्राच्या बाजूला.

सडबरीहून बोर्ली दोन-अडीच मैल. आम्ही चालत गेलो. गाव म्हणून दाखवावे असे तेथे एक जुने चर्च, त्याच्या अंगणातील कातरून आकार दिलेली सदाहरित झाडे, थोडी घरे आणि शेते. चर्चच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, जेथे ते भुतांसाठी प्रसिद्ध घर होते तेथे आता दुसरी घरे आहेत आणि त्यांत साधी संसारी माणसे राहतात. मी रस्त्यावर जरा जास्त वेळ रेंगाळलो तेव्हा एका खिडकीचा पडदा हलला. जावई हळूच म्हणाले, "बाबा, ते भूत नाही, घरमालक आहे. चला." आम्ही निघालो.

त्या घराची हकिकत मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. १८६२-६३ साली रेव्हरंड हेन्री डॉसन एलिस बुल या धर्मगुरूने चर्चसमोर तांबड्या विटांचा मोठा वाडा बांधला. इंग्लंडात गावच्या धर्मगुरूच्या अशा निवासाला रेक्टरी म्हणतात. बुलसाहेबांना चौदा अपत्ये झाली, त्यामुळे मूळ घराला आणखी एक बाजू जोडावी लागली आणि चहूकडून मधल्या चौकाला विळखा बसला. खोल्या भरल्या तेवीस. नळ नाही, वायूचे दिवे नाहीत, पाणी विहिरीचे, रात्री उजेड तेलाच्या दिव्यांचा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यात ज्यांनी बालपण काढले आहे त्यांना अशा घराचे आवाज वेगळे सांगायला नकोत: पंपाचा कुरकुराट, माळ्यावरचे उंदीर, आणि चौकात एका कोपऱ्यात कोणी खाकरले तर ते दुसऱ्याच कोपऱ्यातून ऐकू येणे.

गोष्ट आधीपासून गावात होती. ती अशी की इ.स. १३६२ च्या सुमारास या जागी एक मठ होता. त्यातील एका साधूचे ब्यूअर्स येथील मठातल्या जोगिणीवर मन बसले. दोघे घोडागाडीतून पळून जाताना पकडले गेले. त्याला देहदंड झाला आणि तिला भिंतीत जिवंत चिणले. जोगीण हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे, कारण आपल्याकडे जुन्या लिखाणात 'नन'साठी तोच आढळतो आणि त्यात ती सगळी उदास छटा आपोआप येते. ही जोगीण रेक्टरीच्या बागेत एका ठरावीक वाटेने खाली मान घालून चालते, असे सांगत. २८ जुलै १९०० रोजी दिवेलागणीच्या वेळी बुल यांच्या चार मुलींनी ती आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचे सांगितले. त्या जवळ जाऊ लागल्या तशी ती दिसेनाशी झाली. त्या वाटेला पुढे जोगिणीची वाट असेच नाव पडले. बागेत बुलसाहेबांचे एक बसायचे छपर होते, तेथून ते आणि पुढे त्यांचा मुलगा हॅरी तिची वाट पाहत बसत, असेही सांगतात. जेवणघराची रस्त्याकडील खिडकी विटांनी बुजवलेली होती. एक मत असे की जोगीण त्या खिडकीतून जेवणाऱ्यांकडे टक लावून पाही म्हणून ती बुजवली. दुसरे मत असे की रस्त्याने जाणारे येणारे लोक धर्मगुरूच्या ताटात डोकावत म्हणून. दुसरे कारण मला एकदम पटले. आमच्या आजोबांनी रस्त्याकडच्या खिडकीला अर्ध्या उंचीपर्यंत फळ्या मारल्या होत्या त्या याच कारणासाठी.

येथपर्यंत हे एका मोठ्या कुटुंबाचे घरगुती भूत होते. कोणाला त्याचा त्रास नव्हता. हॅरी बुल १९२७ साली वारला आणि पुढच्या वर्षी गाय एरिक स्मिथ हे धर्मगुरू पत्नीसह तेथे राहायला आले. हे दांपत्य हिंदुस्थानातून गेलेले होते. एक फडताळ साफ करताना स्मिथबाईंना तपकिरी कागदात गुंडाळलेली एका तरुण स्त्रीची कवटी सापडली. घंटा आपोआप वाजू लागल्या, पावले ऐकू येऊ लागली. दांपत्याने 'डेली मिरर' या वृत्तपत्राकडे विचारणा केली, आणि १२ जून १९२९ रोजी हॅरी प्राइस हे भूतसंशोधक दाखल झाले. नवल म्हणजे त्यांच्या येण्याबरोबर भुताचे वागणेच बदलले. आजवर ते मुकाट्याने चालत होते. आता ते दगड फेकू लागले, वस्तू भिरकावू लागले. स्मिथबाईंनी पुढे स्पष्ट लिहून ठेवले की त्या घराला उंदीर आणि गावकऱ्यांच्या समजुती यांपलीकडे कशानेही पछाडले होते असे त्या किंवा त्यांचे पती मानत नव्हते.

स्मिथ गेल्यावर १९३० पासून पाच वर्षे लायोनेल फॉइस्टर आणि त्यांची तरुण पत्नी मारियान तेथे राहिली. फॉइस्टर हे बुल घराण्याचेच आप्त. या पाच वर्षांत भुताने अक्षरओळखही करून घेतली: भिंतींवर मारियानला उद्देशून मदतीच्या आणि प्रार्थनेच्या याचना उमटू लागल्या. बऱ्याच वर्षांनी मारियानने कबूल केले की घरात राहणाऱ्या एका भाडेकरूशी असलेले आपले संबंध झाकण्यासाठी तिने भुताचा उपयोग करून घेतला होता. १९३७ साली प्राइस यांनी रिकामे पडलेले घर एका वर्षासाठी भाड्याने घेतले, 'टाइम्स'मध्ये जाहिरात दिली आणि ४८ निरीक्षक नेमले, ज्यांत विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. मार्च १९३८ मध्ये प्लँचेटवर एका आत्म्याने सांगितले की आज रात्री हे घर जळेल. ते त्या रात्री जळले नाही. अकरा महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, नव्या मालकाच्या हातून तेलाचा दिवा कलंडला आणि घर जळून गेले. विमा कंपनीने मात्र त्या कलंडण्यावर विश्वास ठेवला नाही. १९४४ मध्ये उरलेल्या भिंतीही पाडल्या. १९४८ मध्ये प्राइस गेले, आणि १९५६ साली डिंगवॉल, गोल्डनी आणि हॉल या तिघांनी, म्हणजे भूतविद्येचाच अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या माणसांनी, सगळे पुरावे तपासून त्यांतला बहुतेक भाग उडवून लावला. त्यांनी दिलेल्या कारणांमध्ये उंदीर आहेत, वारा आहे, आणि त्या चौकाची आवाज फिरवण्याची खोडही आहे.

इतिहासाच्या मास्तराला यात सर्वांत रस वाटावा तो भाग भुताचा नाही, त्या भुताला दिल्या गेलेल्या इतिहासाचा आहे. बोर्लीला असा मठ होता याला कसलाही आधार मिळाला नाही. जोगिणींना भिंतीत चिणण्याची चाल इंग्लंडात होती हेही खरे नाही. ज्या घोडागाडीतून ते दोघे पळाले म्हणतात तशा गाड्या इंग्लंडात सोळाव्या शतकात आल्या, म्हणजे गाडी आणि प्रवासी यांच्यात दोनशे वर्षांचे अंतर. हे लक्षात आल्यावर कोणीतरी गोष्ट सोडून द्यावी, तर तसे झाले नाही. गोष्टीला दुसरा इतिहास शोधण्यात आला. प्लँचेटवरच्या उत्तरांतून आणि एका विद्वान धर्मगुरूच्या तर्कांतून मारी लेअर नावाची फ्रेंच जोगीण निघाली, ल हाव्र येथील मठातली, आणि तिचा खून १७ मे १६६७ रोजी या जागेवरील जुन्या घरात झाला असे ठरले. नाव, गाव, दिवस, सगळे जुळून आले. फक्त हे सगळे सांगणारा साक्षीदार म्हणजे बोटांखाली सरकणारी एक फळी.

आता खऱ्या कागदांकडे पाहावे. चौदाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, म्हणजे त्या काल्पनिक मठाच्या अर्धशतक आधी, बोर्लीच्या जहागिरीची एक तपशीलवार पाहणी झाली आणि ती सुदैवाने टिकली. नांगरटीची जमीन किती, कुरण किती, कोणत्या कुळाने मालकाच्या शेतावर किती दिवस राबायचे, अशी ती यादी आहे. आपल्या पेशवे दफ्तरात किंवा करवीर दरबाराच्या कागदांत वेठीच्या आणि बलुत्याच्या ज्या नोंदी सापडतात त्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा मजकूर अजिबात परका वाटणार नाही. मध्ययुगीन इंग्लंडची शेती शिकवताना अभ्यासक या पाहणीचा दाखला देतात. तरीही बोर्लीला जाणाऱ्या शंभर माणसांपैकी एकाने तरी तिचे नाव ऐकले असेल का, याची मला शंका आहे. चर्चमध्ये सर एडवर्ड वॉल्डग्रेव्ह आणि त्यांच्या पत्नीचे खांबांवर छत उभारलेले मोठे थडगे आहे. हे गृहस्थ राणी मेरीच्या दरबारातील मोठे अधिकारी. एलिझाबेथच्या काळात जुन्या, म्हणजे कॅथलिक, पंथाची उपासना घरात करवली म्हणून कैदेत पडले आणि १५६१ साली लंडनच्या टॉवरमध्येच वारले. श्रद्धेपायी तुरुंगात गेलेला, नावाने आणि तारखेने ठाऊक असलेला माणूस त्या गावात निजला आहे, आणि लोक मात्र समोरच्या बागेत नसलेल्या मठातील नसलेल्या जोगिणीला शोधतात.

सडबरीला परत आल्यावर याहून विलक्षण जोड मिळाली. तेथील सेंट ग्रेगरी चर्चमध्ये एक कवटी जपून ठेवली आहे. ती सायमन ऑफ सडबरी याची, कँटरबरीच्या मुख्य धर्माधिकाऱ्याची, ज्याचे डोके १३८१ च्या शेतकऱ्यांच्या बंडात लंडनमध्ये उडवले गेले. धड कँटरबरीला, शिर जन्मगावी. डोक्यावर घाव पडलेला, दोन ठिकाणी पुरलेला असा माणूस; भूत होण्यासाठी याहून चांगली पात्रता ती कोणती असावी? पण ती कवटी पाहायला येणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर मला भीती दिसली नाही, कुतूहल दिसले. दोन-अडीच मैलांवर, कागदात गुंडाळलेल्या, नाव नसलेल्या कवटीने मात्र एक कुटुंब हलवले. मला वाटते, इंग्रजी भुताला चरित्र लागते. नाव, प्रेम, अन्याय, मृत्यूची तारीख. जेथे चरित्र आधीच लिहिलेले आहे तेथे त्याला करण्यासारखे काही उरत नाही, आणि जेथे नाही तेथे लोक ते लिहून काढेपर्यंत थांबत नाहीत.

आपल्याकडे हे उलट आहे, आणि ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर, तीही परदेशात, लक्षात यावी याची थोडी लाज वाटते. मराठी भुताला नाव नसते, जात असते; येथे जात म्हणजे प्रकार असा अर्थ घ्यावा, जरी दुसरा अर्थही खोटा नाही. मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधी गेला तो मुंजा, त्याचे घर पिंपळावर. बाळंतपणाच्या दहा दिवसांत गेली ती हडळ. गरोदर असताना किंवा विटाळात गेली ती अळवंत. मागे वारस नाही, ठेव्यात जीव अडकला, तो समंध. बुडून मेला तो गिऱ्हा. वाट चुकवतो तो चकवा, आणि या सर्वांचा राजा वेताळ. हा मुंजा कोणाचा कोण, कोणत्या साली वारला, असे आपण कधी विचारत नाही; विचारले तर सांगणारा गोंधळून जाईल. त्याला एवढेच ठाऊक असते की एक संस्कार झाला आणि दुसरा व्हायचा राहिला. भुतांच्या या राज्यातही वर्णव्यवस्था चोख पाळलेली आहे, मुंजा आणि समंध हे ब्राह्मणाघरचे, हे मी विद्यार्थ्यांना सांगत असे तेव्हा वर्ग हसायचा आणि मग एकदम गप्प व्हायचा.

गंमत म्हणजे ही यादी पद्धतशीर गोळा करवून घेणारांत एक इंग्रज अधिकारी होता. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुती लिहवून घेतल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळी घातली. तो गोळा केलेला मजकूर एन्थोवेन या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्याने संपादून १९१४ आणि १९१५ साली छापला. त्या मास्तरांचा मला फार हेवा वाटतो. कोणत्या झाडावर काय राहते, कोणत्या वारी त्याला काय द्यायचे, हे त्यांनी सरकारी पत्राला उत्तर म्हणून, जणू पीकपाणी कळवावे तसे, कळवले आहे.

ही यादी भूतांची वाटते. जरा दुरून पाहिली तर ती मृत्यूंची आहे. कोणत्या वयात, कोणत्या अवस्थेत माणसे जात होती ते तीत आहे: बाळंतिणी, पोरगेलेसे मुलगे, नदीत उतरलेली माणसे. बोर्लीच्या कथेतून बोर्लीचा इतिहास कळत नाही. आपल्या हडळीतून मात्र सुइणीच्या हातून काय निसटत होते ते कळते, नाव एकीचेही कळत नाही. दोन्हींपैकी कोणती पद्धत बरी, हे ठरवणे मला जमलेले नाही. नावे पुसून टाकण्यात आपण पटाईत आहोत, हे काही मिरवण्यासारखे नव्हे.

आमचे मूळ गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठी. तेथे नदी वळते त्या ठिकाणी एक डोह आहे आणि डोहाच्या काठावर आसरांचे ठाणे आहे: शेंदूर लावलेले सात दगड, वर्षातून एकदा दहीभात, हिरव्या बांगड्या, खण आणि नारळ. आसरा म्हणजे अप्सरा, असे शब्दाचे मूळ सांगतात, आमच्या आत्तीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आप्सरा इंद्राच्या दरबारात नाचत्यात. ह्या आमच्या पान्यात ऱ्हात्यात. कसला मेळ घालतोयास?" आत्ती आज ८७ वर्षांची आहे आणि शुक्रवार पेठेतल्या घरात आमच्याबरोबर राहते. टळटळीत दुपारी आणि कातरवेळी पोरांनी डोहाकडे फिरकायचे नाही, एकट्याने तर नाहीच नाही, हा तिचा नियम होता. फिरकले तर आसरा पाय ओढतात. लहानपणी मी भीत असे. कॉलेजात गेल्यावर हसत असे. पुढे एका उन्हाळ्यात पाणी उतरलेले असताना तेथे जाऊन पाहिले तर दगडांच्या ठाण्यापासून दोन पावलांवर तळ एकदम खाली जातो आणि वळणामुळे पाणी आत ओढ घेते. ठाणे अचूक त्या जागी होते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून ५५ फुटांच्याही वर मजल मारली, तेव्हा गावाकडचे ते सातही दगड गेले. पाणी ओसरल्यावर गावकऱ्यांनी नदीतलेच दुसरे सात दगड उचलून मांडले. मी विचारले की जागा कशी ठरवली, कारण काठ दोन-तीन हात खचलेला होता. उत्तर मिळाले की पोहणाऱ्या दोघांना पाण्यात उतरवले, तळ कोठे सुटतो ते पाहिले, आणि त्याच्या समोर ठाणे केले. म्हणजे काठ सरकला तशा आसराही सरकल्या. बोर्लीची जोगीण घर पाडल्यावरही आपली जुनीच वाट धरून चालते म्हणे. आमच्या आसरा नदीबरोबर बदली करून घेतात.

चरित्र लागते की विधी लागतो, याचा आमच्याच छत्रपतींच्या घराण्यात एक दाखला आहे. कोल्हापूरचे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. त्या वेळी बुलसाहेबांच्या रेक्टरीच्या विटा जेमतेम सात वर्षांच्या होत्या. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीत फ्लॉरेन्स येथे महाराज वारले, वय अवघे विशीचे. देश परका, धर्म परका, घरचे कोणी जवळ नाही. बरोबरच्या माणसांनी खटपट करून परवानगी मिळवली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. प्रयाग चिखलीच्या संगमावर वाढलेल्या माणसांना परक्या शहरातही संगमच शोधावासा वाटला, हे मला नेहमी हलवून जाते. पुढे तेथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसवला, आणि नंतर जवळच बांधलेल्या पुलालाही लोक 'हिंदी माणसाचा पूल' अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. इंग्रजी हिशेबाने तेथे एक तरी तरुण, फेटा बांधलेले भूत संगमावर फिरायला हवे होते. मी तरी तशी कथा ऐकलेली नाही. आत्तीच्या मते त्याचे कारण उघड आहे: अग्नी मिळाला, नदी मिळाली, राहिले काय?

कोल्हापूरला परत आल्यावर आषाढ लागला होता. पंचगंगेचे नवे पाणी घागरीत भरून पी ढबाक वाद्यांच्या तालावर टेंबलाई देवीला निघालेल्या बाया गल्लीतून गेल्या, पाऊस थोडा उघडला, आणि आत्तीने मला समोर बसवून प्रवासाची हकिकत विचारली. मी तिला बोर्लीची सगळी गोष्ट सांगितली, चिणलेल्या जोगिणीपासून जळलेल्या घरापर्यंत. तिने मठाचे साल विचारले नाही, नाव विचारले नाही. ती म्हणाली, "तिचं क्रियाकर्म कुणी केलं का न्हाई?"

तेव्हा मला तो शेवटचा भाग सांगावा लागला, जो मी गोष्टीच्या ओघात गाळला होता. १९४३ च्या ऑगस्टमध्ये प्राइस यांनी त्या जळक्या घराच्या तळघरात खणले आणि त्यांना हाडांचे तुकडे मिळाले, त्यांत जबड्याचा एक भाग. हीच ती जोगीण, असे त्यांनी ठरवले. हाडे बोर्लीच्या दफनभूमीत पुरू द्यायला गावाने नकार दिला, कारण गावकऱ्यांच्या मते ती डुकराची होती. बोर्ली या नावाचा मूळ अर्थच रानडुकरांचे रान असा सांगतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात तथ्य असावे. अखेर २९ मे १९४५ रोजी शेजारच्या लिस्टन गावात, धर्मगुरूच्या हातून, रीतसर प्रार्थना म्हणून ती हाडे पुरली गेली.

"मग झालं की," आत्ती म्हणाली. "आता न्हाई फिरायची ती."

"आणि आत्ती, हाड खरंच डुकराचं असलं तर?"

तिने पानाला चुना लावता लावता थोडा विचार केला.

"तर त्या डुकराला गती मिळाली, आन् काय."